'देब्यू-क्योकु'ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका
एन्का या जपानी गानप्रकारावरील लेखाचे भाषांतर करताना मी 'देब्यू-क्योकु' या शब्दापाशी अडले आहे. 'क्योकु' म्हणजे गाणे. 'देब्यू' हा शब्द जपानीनेही फ्रेंचमधून उचललेला आहे. मी 'पदार्पणगीत' लिहिले होते, ते संपादकांनी खोडून 'पहिले गाणे' असे केले. मला हा बदल पटत नाही. मिसोरा हिबारी लहानपणापासून रंगमंचावर गात होत्या, पण १९४९ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यांची पहिली तबकडी निघाली ती 'काप्पा बुगी-वुगी' या गाण्याची, म्हणून तेच त्यांचे 'देब्यू-क्योकु' मानले जाते (आणि ते एन्का तर नव्हेच, ते बुगी, म्हणजे अमेरिकी धर्तीचे नाचाचे गाणे आहे). 'पहिले गाणे' म्हटल्यास वाचकाला त्या आयुष्यात प्रथम गायल्या ते गाणे वाटेल. योग्य शब्द कोणता?

कऱ्हाडकर
आपला शब्द उत्तम आहे, फक्त त्यातील 'गीत' काढून टाकावे. नाट्यसंगीतात 'पद' म्हणजे गाणेच. पद रसिकांना अर्पण करणे ते पदार्पण, असा अर्थ घेतला तर 'पदार्पणगीत' हा पिवळा पीतांबर ठरतो.

शब्दवेडी
ही व्युत्पत्ती ऐकायला गोड असली तरी मान्य करता येणार नाही. पदार्पणातील 'पद' म्हणजे पाऊल. नव्या सुनेने माप ओलांडले की माझी आजी 'लक्ष्मीचे पदार्पण झाले' असे म्हणत असे, आणि तेव्हा कोणीही गात नसे. माझी अडचण निराळी आहे. उंबरठा एकदाच ओलांडला जातो, मग इत्सुकी हिरोशी यांचे काय करायचे? १९६५ मध्ये त्यांनी मात्सुयामा मासारु या नावाने पहिली तबकडी काढली, ती चालली नाही. पुढे आणखी दोन नावे घेऊन पाहिली. आणि १९७१ मध्ये इत्सुकी हिरोशी या नावाने गायलेल्या 'योकोहामा तासोगारे'ने ते घरोघरी पोचले. यातले पदार्पण कोणते?

ओसाकावासी
जपानी माणसे अशा वेळी 'साई-देब्यू', म्हणजे पुन्हा देब्यू, असे सरळ म्हणतात. मी येथे पुष्कळ वर्षे राहत असल्यामुळे एवढे सांगू शकतो की या शब्दात गायकाच्या पावलापेक्षा कंपनीने त्याला बाजारात आणणे अधिक आहे. आमच्या घराजवळच्या बाजारपेठेत, तबकड्यांच्या दुकानासमोर, किमोनो घातलेली एक नवखी गायिका संत्र्यांच्या उपड्या खोक्यावर उभी राहून एकच गाणे तीन वेळा गायली आणि थांबलेल्या सात-आठ वृद्धांचे हात दोन्ही हातांत धरून तिने प्रत्येकाला आपले नाव सांगितले. ते गाणे तिचे देब्यू-क्योकु होते. 'पहिले गाणे' या शब्दांत ते खोके कोठेच दिसत नाही, आणि 'पदार्पणगीत' या शब्दाला त्याच्या मानाने फारच भरजरी शालू नेसवला आहे.

नित्यवाचक
मग 'डेब्यू साँग' लिहावे. क्रिकेटच्या बातम्यांतून हा शब्द मराठी वाचकाच्या चांगला ओळखीचा झाला आहे.

कऱ्हाडकर
त्याच बातम्यांत 'कसोटी पदार्पण' हा शब्दही रोज छापला जातो आणि तो कोणालाही जड वाटत नाही. रुळलेला मराठी शब्द हाताशी असताना परका का घ्यावा?

शब्दवेडी
क्रिकेटचे उदाहरण येथे लागू पडत नाही, कारण पहिला सामना बदलता येत नाही. किताजिमा साबुरो यांचे १९६२ मधील 'बुंगाचा-बुशी' हे देब्यू-क्योकु लवकरच प्रक्षेपणातून बंद झाले, आणि त्याच वर्षी आलेल्या 'नामिदा-बुने'ने त्यांचे नाव झाले. इशिकावा सायुरी यांचे 'काकुरेनबो' १९७३ चे, पण त्यांना खरी ओळख मिळाली ती १९७७ च्या 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी'ने. उलट हिकावा कियोशी यांना २००० मध्ये आणि जेरो यांना २००८ मध्ये पहिल्याच गाण्याने यश मिळाले. शब्द असा हवा की तो यशाबद्दल काहीच सांगणार नाही, आणि 'पदार्पण' म्हटले की आपल्याकडे दिमाख गृहीत धरला जातो.

ओसाकावासी
जुन्या पिढीचा एक शब्द आठवला, 'हात्सु-फुकिकोमी'. 'हात्सु' म्हणजे पहिले. 'फुकिकोमी' म्हणजे फुंकून आत घालणे, अर्थात ध्वनिमुद्रण. विद्युत ध्वनिग्राहक येण्यापूर्वी कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावे लागे, हे त्या शब्दात अजून ऐकू येते.

कऱ्हाडकर
'फुकु' आणि आपले 'फुंकणे'! हा योगायोग असू शकत नाही. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत शब्द जपानात गेले, त्यांतलाच हा एक असणार.

शब्दवेडी
ग्रंथांबरोबर गेले ते धर्माचे शब्द, श्वासाचे नव्हेत. ओठांचा चंबू करून हवा सोडली की जो आवाज होतो तो कऱ्हाडात आणि क्योतोत सारखाच असतो, म्हणून दोन्हीकडे शब्द सारखा झाला.

अनुवादिका
मूळ प्रश्न तसाच राहिला आहे आणि मजकूर उद्या पाठवायचा आहे. 'पहिली तबकडी' चालेल का?

नित्यवाचक
जेरो यांच्या बाबतीत चालणार नाही, त्यांचे 'उमियुकी' सीडीवर निघाले होते.

कऱ्हाडकर
फुंकण्याविषयी माझे म्हणणे अजून पूर्ण झालेले नाही. आपणही 'कॅसेट भरून घेणे' असे म्हणत होतो, म्हणजे आवाज आत घालण्याची कल्पना दोन्ही भाषांत एकच आहे. तिचाही विचार व्हावा.