मदत हवी आहे: फरशी घासायचं मशीन मला दर वेळी डाव्या भिंतीवरच का नेतं?

मंडळी नमस्कार. एरवी वाचनमात्र असतो, पण आता प्रश्न अब्रूचा आहे.

दोन महिन्यांपूर्वी कारखान्यातल्या सफाई विभागाची देखरेख माझ्या गळ्यात पडली. मूळचा मी स्टोअर्सचा माणूस. विभागात दोन मशिनं आहेत. एक सिंगल डिस्क, म्हणजे लांब दांडा आणि खाली गरगर फिरणारी एकच मोठी तबकडी. दुसरं बसून चालवायचं स्क्रबर ड्रायर, म्हणजे फरशी घासून घाण पाणी लगेच ओढून घेणारं. पहिल्याचं नाव पोरांनी 'खोंड' ठेवलंय. का, ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

स्विच दाबला की खोंड मला घेऊन डावीकडे सुटतं. मी जीव खाऊन आवरतो, ते आणखी जोरात जातं. आतापर्यंत भिंतीला तीनदा, कचऱ्याच्या ड्रमला एकदा, आणि एकदा प्लांट हेडच्या बुटांपासून वीतभर अंतरावर. तेही स्विच सुटला म्हणून थांबलं. माझं वजन ८२ किलो, उंची सहा फूट. आमच्या मावशी माझ्या खांद्याला लागतात. त्या तेच मशीन एका हाताने चालवतात आणि दुसऱ्या हाताने फोनवर बोलतात. (फोनबद्दल त्यांना बोलायचं आहे, पण कुठल्या तोंडाने बोलू?) मी विचारलं तर म्हणाल्या, "साहेब, कासरा ओढू नका, हलका धरा." कितीही हलका धरला तरी डावीकडेच.

दुसरी अडचण स्क्रबरची. अर्ध्या तासात घाण पाण्याच्या टाकीतून फेस वर येतो, मशीनला पांढरी दाढी फुटते आणि आवाज बदलतो. शिवाय मागे फरशीवर पाण्याची एक बारीक रेघ राहते, सगळीकडे, अगदी सरळ.

तिसरं म्हणजे पुढच्या आठवड्यात मला नवीन मुलांचं प्रशिक्षण घ्यायचंय. मागच्या वेळी दोघं झोपले होते, एक घोरत होता. या विषयात काही मजेशीर पण खरं असेल तर सांगा.

---

जुना_फोरमन:
दादा, ताकद लावताय तिथेच घोडं अडलंय. ते मशीन ढकलायचं नसतंच. दांडा खाली दाबला की डावीकडे जातं, वर उचलला की उजवीकडे. दांड्याची उंची बोटभर बदलली तरी पुरते. पहिल्या दिवशी मला पण नेलं होतं, थेट साहेबांच्या केबिनच्या काचेपर्यंत.

टवाळ_तबकडी:
कारण मी सांगतो. बहुतेक सिंगल डिस्कची तबकडी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. दांडा दाबला की भार तबकडीच्या तुमच्याकडच्या कडेवर येतो. ती कड त्या क्षणी डावीकडून उजवीकडे जात असते. ती फरशीला उजवीकडे रेटते आणि फरशी मशीनला डावीकडे. दांडा उचलला की भार पुढच्या कडेवर, तिथे सगळं उलट. भार सारखा असला की मशीन जागेवर डुलत राहतं. बाकी जोर मोटरचा, माणसाने फक्त तोल सांभाळायचा. म्हणून ८२ किलो इथे कामाचे नाहीत, उलट नडतात.

धागाकर्ता:
हे कळलं, पण मी मुद्दाम दाबत नाही हो. तरी डावीकडेच का?

झाडूवाली_ताई:
एक विचारू? मशीन रोज मावशी वापरतात ना? मग दांडा त्यांच्या मापाने लावलेला असणार. तुम्ही सहा फुटी. तुम्ही वाकता, आणि वाकलेल्या माणसाचं वजन नकळत हातांवर येतं. म्हणजे तुम्ही सतत दाबताय. मग ते सुटलं की घाबरून आणखी गच्च धरता, म्हणजे आणखी दाबता, म्हणून आणखी डावीकडे. दांड्याच्या खालचा खटका सोडा, सरळ उभे राहा, हात सैल सोडून जिथे पोचतील तिथे, साधारण कमरेशी, दांडा आणा आणि खटका पक्का लावा. मग स्विच दाबा. पहिल्यांदा मोकळ्या जागेत, फरशी ओली करून. कोरड्या फरशीवर तबकडीखालचं घासायचं पॅड जास्त पकडतं, मग झटकेही जास्त बसतात.

आणि वायर खांद्यावरून मागे टाका. पुढे राहिली तर तबकडी ती गिळते.

जुना_फोरमन:
ताईंना +१. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एक भर घालतो: पॅड मधोमध बसलंय का ते उलटं करून बघा. एका बाजूला सरकलेलं असेल तर मावशींनासुद्धा दाद देणार नाही. उलटं करण्याआधी प्लग काढा, हे लिहायची गरज नसावी, पण लिहितो.

फेसाळ:
दाढीबद्दल मी बोलतो, माझा अनुभव दांडगा आहे. साबण कोण ओततं? डोळ्यांच्या अंदाजाने ओतत असतील. "थोडं जास्त टाकलं की जास्त स्वच्छ" ही समजूत प्रत्येक पाळीत एकाची तरी असते. घाण पाण्याच्या टाकीत एक फ्लोट असतो, पाणी वर आलं की तो हवेची वाट बंद करतो. पण फेस इतका हलका की फ्लोट त्यावर तरंगत नाही. त्याला कळतच नाही की टाकी भरली. मग फेस थेट व्हॅक्यूमच्या मोटरकडे जातो, आणि तुमचा बदललेला आवाज तो हाच. आधी मशीन थांबवून टाकी रिकामी करत जा, नाहीतर मोटर जाईल.

मापाचं भांडं मशीनलाच बांधून टाका. फरशीत जुना साबण मुरलेला असणार, म्हणून दोन-चार रात्री नुसत्या पाण्याने चालवा. आज साबण बंद केला तरी उद्या फेस येईल, तेव्हा कुणाला ओरडू नका. तोवर घाण पाण्याच्या टाकीत फेसनाशक टाका. साबणाच्या टाकीत नाही.

रेघेचं सोपं आहे. मशीनच्या मागे पाणी निपटणारी रबराची पट्टी असते, तिच्यात काहीतरी अडकलंय. दहातल्या नऊ वेळा पॅकिंगच्या पट्टीचा तुकडा निघतो. तसं नसेल तर रबराची कड झिजलीय. पट्टी उलटी करून लावा. बऱ्याच मशिनांत एकाच रबराच्या चारही कडा वापरता येतात आणि लोक पहिली झिजली की फेकून देतात.

किस्सेबहाद्दर:
प्रशिक्षणाला फेलिशिया सांगा, कुणी झोपणार नाही. अमेरिकेत फर्मीलॅब ही प्रयोगशाळा आहे. 1971 साली तिथल्या प्रचंड कणत्वरकाच्या (म्हणजे अणूहून बारीक कण भन्नाट वेगाने पळवणाऱ्या यंत्राच्या) लांबच लांब नळ्या आतून साफ करायच्या होत्या, आणि आत धातूचा कीस राहून चालणार नव्हता. कुणाला तरी फेरेट आठवलं. मुंगसासारखा लांबोळका प्राणी, बिळात शिरायची हौस. ही फेलिशिया दोरी घेऊन नळीच्या एका तोंडातून शिरायची आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर. मग त्या दोरीला द्रवात भिजवलेला बोळा बांधून ओढायचे. मुख्य वर्तुळाची नळी मात्र सुमारे सव्वासहा किलोमीटरची. तिथे बाईंनी शिरायला साफ नकार दिला. पुढे तिची जागा यंत्राने घेतली.

शुद्धीपत्रक:
मुंगसाचं कूळ वेगळं, फेरेटचं वेगळं.

किस्सेबहाद्दर:
'सारखा' म्हणालो. बरं, हा दुसरा घ्या. 1901 मध्ये लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनियरने धूळ फुंकून उडवणारं मशीन पाहिलं. त्याला वाटलं, फुंकण्यापेक्षा ओढून का घेऊ नये? उपाहारगृहातल्या खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवून त्याने तोंडानेच हवा ओढली आणि ठसकला. पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला होता. त्यावरून त्याने जे यंत्र केलं ते घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि नळ्या खिडक्यांमधून घरात जायच्या. सातव्या एडवर्डच्या 1902 च्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबेमधले गालिचे त्याच्याच यंत्राने झाडले. मुलांना सांगा, तुमच्या कामाची सुरुवात एका ठसक्याने झाली.

टवाळ_तबकडी:
गोष्टींपेक्षा करून दाखवा. मेंटेनन्सकडे सुटे भाग धुवायची अल्ट्रासॉनिक टाकी असेल तर त्यात ॲल्युमिनियमचा पातळ कागद उभा धरायला लावा, चिमट्याने, हात बाहेर ठेवून. थोड्या वेळात कागदाला भोकं पडतात. ध्वनिलहरींमुळे पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटतात, ते हे करतात. टाकी नीट चालतेय का हे तपासायची पद्धतही हीच. एका दगडात दोन पक्षी.

वाचनमात्र_२:
वाचनखूण साठवली. आमच्याकडच्या खोंडाचं नाव 'मेहुणा' आहे.

---

धागाकर्ता (पाच दिवसांनी):
ताई, दंडवत. खटका चार खाचा वर घेतला, सरळ उभा राहिलो आणि खोंड गाईसारखं चाललं. पूर्ण पॅसेज, एकही धक्का नाही. रबरात खरंच पट्टीचा तुकडा होता. फेस निम्म्यावर आलाय. मापाचं भांडं बांधलं, पण ते कुणीतरी सोडून चहाला नेलं, आता साखळी लावलीय.

फेलिशियाची गोष्ट चालली. एकाने विचारलं, तिला ओव्हरटाइम मिळायचा का.

नवीन अडचण मात्र अशी. दांडा मी माझ्या मापावर तसाच सोडून घरी गेलो. सकाळी मावशींनी सवयीने एका हाताने स्विच दाबला आणि खोंडाने त्यांना उजवीकडे नेलं, ड्रमपर्यंत. दुसऱ्या हातात फोन होता. फोन शाबूत आहे. मावशी माझ्याशी बोलत नाहीयेत.

आता खटक्यापाशी दोन खुणा केल्या आहेत, लाल माझी, निळी त्यांची. रात्रपाळीवाला विचारतोय, त्याची कुठली?