इम्तियाज धारकर म्हणजे फक्त 'ब्लेसिंग' का?

पाऊलवाट
कवयित्री इम्तियाज धारकर यांचा जन्म १९५४चा, लाहोरचा. तान्ह्या असतानाच घर ग्लासगोला गेलं. पुढे बरीच वर्षं मुंबईत काढली. २०१४ साली ब्रिटनच्या राणीचं कवितेसाठीचं सुवर्णपदक मिळालं. एवढ्या मोठ्या कवयित्रीची तिकडच्या शाळांमधली ओळख मात्र बरीचशी जीसीएसईच्या (आपल्या दहावीसारखी परीक्षा) अभ्यासक्रमात पूर्वी असलेल्या 'ब्लेसिंग'वर उभी आहे. झोपडपट्टीत पालिकेची पाइपलाइन फुटते आणि माणसं भांडी घेऊन धावतात, ती कविता. माझ्या मते तिने त्यांचं नुकसानच केलं. लीड्सच्या एखाद्या मुलाच्या डोक्यात मुंबई म्हणजे तहान आणि उघडी पोरं, एवढंच राहतं.

कुर्ला पूर्व
अजिबात पटलं नाही. आमच्या चाळीत टँकर आला की काय व्हायचं ते मी पाहिलंय, आणि या कवितेत मला एक ओळ खोटी वाटत नाही. पितळ, तांबं, अॅल्युमिनियम, प्लास्टिकच्या बादल्या, आणि काहीच नसेल त्याचे नुसते हात! गरिबी विकणारा माणूस इतकं निरखून बघत नाही हो.

पाऊलवाट
निरखून बघितलंय, मान्य. पण ढसाळांची मुंबई स्वतःच्या तोंडाने बोलते, जाब विचारते. इथे गलका आहे, पण बोलणारा एकही माणूस नाही. पाणी का नव्हतं, हे कोणी विचारतच नाही.

शाईदौत
तुम्ही दोघं एकाच कवितेवर अडलात. 'पोस्टकार्ड्स फ्रॉम गॉड' हा त्यांचा संग्रह अख्खा वाचा. १९९२-९३च्या दंगलींवरच्या कविता त्यात आहेत, तिथे जाबही आहे. त्यातलीच 'लिव्हिंग स्पेस' बघा: एकही भिंत सरळ नसलेलं खोपटं, आणि त्याच्या बाहेर अंधारात तारेच्या टोपलीत टांगलेली अंडी. तिथे राहणाऱ्याचा जगण्यावरचा विश्वास त्या अंड्यांत आहे. दया कुठेच नाही.

आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम याच्याही पुढचं आहे. त्यांचे पती सायमन पॉवेल यांनी 'पोएट्री लाइव्ह' सुरू केलं. हजारो शाळकरी मुलं सभागृहात बसून कवींना प्रत्यक्ष ऐकतात. २००९ साली कर्करोगाने पॉवेल गेले. 'ओव्हर द मून' (२०१४) हा संग्रह त्यांच्या आठवणीतला. निवडक धारकर काढायच्या तर मी सुरुवात तिथून करेन. २०१९ साली ब्रिटनच्या राजकवीपदासाठी त्यांचं नाव पुढे होतं, पण लिहायला एकांत हवा म्हणून त्या बाजूला झाल्या. अशा कवयित्रीला एका पाइपलाइनवर मोजायचं?

कुर्ला पूर्व
मोजू नयेच. पण पंधरा वर्षांचं पोर थेट शोककवितेपाशी कसं पोचणार? 'ब्लेसिंग' ठेवा, शेजारी दंगलीची एक कविता द्या.

पाऊलवाट
द्या की. पण मग डिसेंबर ९२मध्ये काय झालं, हे वर्गात नीट सांगावं लागेल. तेवढे तास कोणती शाळा देणार आहे? आणि ते होत नाही तोवर 'ब्लेसिंग' एकटीने शिकवायला माझा विरोध कायम.