संदर्भांच्या शैलीआधी तपासयादी

वैद्यकीय शोधनिबंधात संदर्भ कोणत्या शैलीत द्यायचे असं तुम्ही विचारलंत, पण ते शेवटच्या दिवशीही जमतं. आधी अभ्यासाच्या प्रकाराप्रमाणे तपासयादी, म्हणजे लेखात काय काय सांगायलाच हवं याची ठरलेली यादी, काढा: यादृच्छिक चाचणीला (जिच्यात कोणता रुग्ण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं) कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, आधीच्या अभ्यासांच्या पद्धतशीर आढाव्याला प्रिझ्मा. लिखाण संपल्यावर ती भरायला बसलं, की नमुनासंख्या कशी ठरवली, किती रुग्ण मध्येच गळाले, हे शोधताना दमछाक होते. चाचणीची नोंदणी तर पहिला रुग्ण सामील होण्याआधीच झालेली लागते. आयसीएमजेई या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीची ही अट २००५ पासून लागू आहे आणि नोंदणी वेळेत राहिली, तर ती चूक नंतर सुधारता येत नाही.

आणि सारांशातला प्रत्येक आकडा तक्त्यांशी जुळवा. माझ्या एका लेखात जुना आकडा तसाच राहिला, तेव्हा परीक्षकांचा बाकीच्या निष्कर्षांवरचाही विश्वास उडाला.