शांघाय सहकार्य संघटना म्हणजे आशियाची नाटो का?

सातरस्ता_अभ्यासिका: एमपीएससीची तयारी करायलोय, एससीओ आली की डोकं गरगरतंय बघा. ही नाटोसारखीच आहे का आणि सगळ्यात वर कोण असतंय?

होटगीरोड: नाटो नाही बे, तिथंच चुकतात पोरं. नाटोच्या कलम ५ मध्ये एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, इथं असलं कलमच नाही. १९९६ ला चीन, रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान सीमेवरचा ताण कमी करायला एकत्र बसले, २००१ ला उझबेकिस्तान आला आन् संघटना झाली, २०१७ ला आपण आणि पाकिस्तान एकदमच आत.

जुनीवही: वर राष्ट्रप्रमुखांची परिषद, वर्षातनं एकदा बसते. माझ्या वहीत लाल पेनानं एवढंच आहे, बीजिंग सचिवालय, ताश्कंद रॅट्स, म्हणजे संघटनेची दहशतवादविरोधी यंत्रणा. दहशतवादाविरुद्ध माहितीची देवाणघेवाण ताश्कंदमधनं चालते, ते नीट वाच. आणि निर्णय सहमतीनं होतात, मतदान नाही, म्हणून तर जून २०२५ ला चीनमधल्या चिंगदाओत संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत आपल्या राजनाथ सिंहांनी सही केली नाही आणि संयुक्त निवेदनच निघालं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

सातरस्ता_अभ्यासिका: लई भारी सांगितलं सर. इराण २०२३, बेलारूस २०२४ धरून सदस्य १० ना?

जुनीवही: हो, १०.