आरओ बसवताना काय बघायचं?

प्रश्न : उद्या आरओ बसवायला माणूस येतोय. बिल्डिंग 16 मजली, आम्ही दुसऱ्यावर, बोअरचं पाणी. प्लग पॉइंट सिंकच्या नळापासून वीतभरच लांब आहे, भांडी घासताना शिंतोडे उडतात तिथे. चालेल का?

उत्तर १ : अजिबात नको ताई, आधी इलेक्ट्रिशियन बोलवून पॉइंट लांब घ्या आणि अर्थिंग चेक करा. वायरला खाली थोडा झोळ ठेवा म्हणजे पाणी ओघळलं तरी तिथूनच टपकतं, प्लगमधे जात नाही. ड्रिल मारायच्या आधी भिंतीतून पाइप कुठून गेलाय तेही दाखवा, आमच्याकडे नेमका पाइपच फुटला आणि अख्खं किचन भिजलं.

उत्तर २ : दुसरा मजला म्हणजे प्रेशर जास्त, 10 मीटर उंचीला साधारण 1 बार धरा, वरच्या टाकीपासून तुमच्यापर्यंत 4 च्या वर जाईल. प्रेशर कमी करायचा व्हॉल्व्ह लावाच, नाहीतर जॉइंट सुटतो, तोही बहुतेक रात्री. गावाला जाताना इनलेटचा कॉक बंद.

उत्तर ३ : टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजलात का? 500 च्या आत असेल तर आरओची गरजच नसते बऱ्याचदा. पहिली टाकी भरली की ओतून द्या, पिऊ नका.

प्रश्नकर्ती : टीडीएस 900 आहे. पॉइंट आजच हलवून घेते, खूप आभार!