तिसरीच्या वर्गासाठी सहा हजारांत पुस्तकं हवीत – काय घेऊ?

ऐरोलीची_बाई
नमस्कार मंडळी. ऐरोलीजवळच्या मराठी शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात अडतीस मुलं. निम्म्यांच्या घरी आगरी, काहींच्या घरी हिंदी, दोघी-तिघींच्या घरी कन्नड. वाचता येतं, जोडाक्षर आलं की अडतात. शाळेच्या कपाटात पुस्तकं आहेत, पण बहुतेक थोरांची चरित्रं, बारीक टाइप, चित्र एखादंच. माजी विद्यार्थ्यांनी सहा हजार रुपये दिलेत. तेवढ्यातच बसवायचंय, वर एक रुपया नाही. कोणती पुस्तकं घेऊ, कुठून घेऊ आणि ठेवू कशी? जागा म्हणजे खिडकीखालची भिंत, तिला पावसाळ्यात ओल येते.

घणसोलीकर
बाई, किरकोळ पुस्तकांत पैसे घालवू नका. मुलांचा ज्ञानकोश घ्या. आम्ही मुलासाठी संपूर्ण संच घेतला, साडेअकरा हजारांना. आर्ट पेपर, पानोपानी रंगीत फोटो. इतकी वर्षं झाली, अजून नवाकोरा आहे. चांगली वस्तू एकदाच घ्यावी.

नौपाडा_वाचक
विकत कशाला घेता? ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, आमच्या तीन पिढ्या तिथे वाचून मोठ्या झाल्या. सभासद व्हा, मुलांसाठी पुस्तकं बदलून न्या. ऐरोली म्हणजे ठाण्याच्या पुढचंच स्टेशन.

दिघेकर७८
दुरुस्ती. पुढचं स्टेशन आता दिघा गाव. जानेवारी २०२४ पासून गाडी थांबते. त्याआधी आम्ही ऐरोलीला उतरून रिक्षाला पैसे मोजत होतो, त्यामुळे हे कुणी विसरलेलं चालत नाही.
ग्रंथसंग्रहालय उत्तमच आहे, पण एका सभासदाला एका वेळी मिळणाऱ्या पुस्तकांवर अडतीस मुलांचं कसं भागणार?

आई_कोपरखैरणे
ऑनलाइन संच घेऊ नका, हात जोडून सांगते. ‘पन्नास बोधकथा’ म्हणून मागवला. कोल्ह्याच्या गोष्टीला लांडग्याचं चित्र, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही आणि प्रत्येक गोष्टीखाली जाड ठशात तात्पर्य. माझी मुलगी गोष्ट सोडून आधी तात्पर्यच वाचायला लागली. दुकानात जा, पान उलटून बघा, मगच पैसे द्या.

कळवा_मास्तर
बाई, मीही प्राथमिकलाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिसरीला सोळा ते चोवीस पानी चित्रपुस्तकं घ्या. पानावर दोन-चार ओळी, टाइप मोठा, आणि चित्र असं की ओळ अडली तरी गोष्ट पुढे सरकावी. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, प्रथम बुक्स आणि ज्योत्स्ना प्रकाशन, या तीन ठिकाणी मराठीत भरपूर सापडेल. पहिल्या दोघांच्या किमती तुमच्या सहा हजारांत आरामात बसतात.

कपाट नको. पुस्तक उभं लावलं की फक्त कणा दिसतो, आणि पातळ पुस्तकाला तर कणाही नसतो. मुलाला मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. भिंतीला मुलांच्या छातीच्या उंचीवर दोन खिळे, नायलॉनची दोरी, कपड्यांचे चिमटे. ओल सुरू झाली की सगळं झाकणाच्या प्लास्टिक डब्यात.

या पुस्तकांच्या पिना आपल्या हवेत गंजतात. आधी मधल्या पानावर तपकिरी डाग पडतो, मग कागद तिथेच कुरतडल्यासारखा होतो आणि पान सुटतं. नवं पुस्तक आलं की पिना उचकटून काढा, मधल्या घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, जाड पांढऱ्या दोऱ्याने शिवा, गाठ आतल्या बाजूला. चौथीच्या मुली हे काम हौसेने करतात.

रोज दहा मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचा. वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नका. ‘यातून काय शिकलात?’ हे तर नकोच. प्रती मात्र एकेकच घ्या, म्हणजे विविधता येते.

वाशीच्या_सुमनताई
कपाट नको हे अजिबात पटलं नाही. आमच्या सोसायटीत हौसेने उघडं वाचनालय केलं होतं. वर्ष सरायच्या आत रॅकवर दिवाळी अंक आणि जुनी गाईडं उरली. कुलूप, नोंदवही आणि उशिराला दंड हवाच. एकेक प्रत घ्या याला अनुमोदन.

घणसोलीकर
दंडाशी सहमत. ज्ञानकोश कुणी उचलून नेत नाही, हाही एक फायदा.

अक्षरवेडा
+१ कळवा_मास्तर. वाचनखूण साठवली.
‘किशोर’ अजून कुणी सुचवला नाही? बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतंय. जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.
दुसरं, प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. मराठी गोष्टी वाचनपातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि परवाना मुक्त आहे. लेखक, चित्रकार, अनुवादकाची नावं आणि परवान्याचा उल्लेख ठेवून कुणीही छापू शकतं. झेरॉक्सवाल्याकडे रंगीत प्रिंट काढा, पुस्तकं विकत घ्यायची गरजच नाही.

आई_कोपरखैरणे
रंगीत प्रिंटचे दर बघितलेत का हल्ली? छापील पुस्तक स्वस्त पडतं.

नेरुळ_निवासी
मूळ दुखणं वेगळंच आहे. आईबापच मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात, मग मराठी पुस्तकं वाचणार कोण?

दिघेकर७८
अहो, बाई मराठी शाळेतल्याच मुलांसाठी विचारतायत. माध्यमावर वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला.

गोठिवलीची_सून
बाई, घरी आगरी बोलणाऱ्या मुलांचं वाचलं म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई खाडीच्या, मिठागराच्या, जाळ्यात सापडलेल्या माशांच्या इतक्या गोष्टी सांगतात! अशा एखाद्या आजीला वर्गात बोलवा. ती सांगेल तशी तिच्याच बोलीत फळ्यावर उतरवा, मुलं चित्रं काढतील. तेच शिवून पुस्तक करा. आपल्या घरची बोली पुस्तकात दिसली की मूल ती ओळ स्वतःहून वाचतं, माझ्या पोरीने वाचली. शाळेत मात्र तिला त्या बोलीवरून टोकलं होतं, त्याचा राग अजून आहे.

वाचनवेल्हाळ
‘किशोर’ चांगलं मासिक आहे, तेही बघा.

ऐरोलीची_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ठाण्यात दुकानात बसून पानं उलटून आले. ठरवलंय ते सांगते, बऱ्याच जणांना पटणार नाही.

अठरा प्रकारची चित्रपुस्तकं, प्रत्येकाच्या पाच प्रती. नव्वद पुस्तकांचे चोपन्नशे झाले, उरलेल्यात दोरी, चिमटे आणि डबा. एकेक प्रत घ्या असं सगळे म्हणालात, पण माझ्या वर्गात एकट्याने वाचणारी मुलं मोजकी. एकाने पुस्तक उघडलं की चौघं खांद्यावरून वाकतात, मग ओढाताण होते. गेल्या आठवड्यात ‘स्वच्छ’वर अडलेल्या मुलाला शेजारणीने आधी ‘च्छ’ हवेत गिरवून दाखवलं, मग दोघांनी मिळून ते पान दोनदा वाचलं. प्रत्येकीच्या हातात तेच पान असेल तर हे रोज घडेल. मला ते हवंय.

कुलूप आणि दंड नाही. पुस्तक घरी जाईल, रात्रभर राहील. नोंद मुलंच ठेवतील. सुमनताई, काही हरवतील हे धरूनच चाललेय. ज्या घरात कॅलेंडरपलीकडे छापील कागद नाही, तिथे पुस्तक गेलंच नाही तर ते नीट राहून उपयोग काय?

ज्ञानकोश नको. पिना आजच उचकटायला घेते. गोठिवलीच्या ताई, व्यक्तिगत निरोप करते, सासूबाईंना विचाराल का?

वाशीच्या_सुमनताई
दिवाळीपर्यंत निम्मी उरतील, लिहून ठेवा. निदान आतल्या पानावर शिक्का मारा.

गोठिवलीची_सून
विचारलं. शनिवारी सकाळची शाळा असेल तर येते म्हणाल्या. फळ्याजवळ खुर्ची ठेवा, गुडघे दुखतात त्यांचे.

कळवा_मास्तर
पाच प्रती मला अजूनही जास्त वाटतात, तीन पुरल्या असत्या. पण एक करा बाई. सत्र संपलं की कोणती पुस्तकं सगळ्यात आधी फाटली त्याची यादी इथे टाका. पुढच्या वर्षी माझ्या वर्गासाठी मी तीच घेईन.