अनुभव धागा: पाणी चढत असताना देवाच्या कामाला उतरायचं, ते कसं?

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यात (कर्नाटक) कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा या नद्या पात्र सोडून गावात शिरल्या. तेव्हा मठातली, चर्चमधली, भजनी मंडळांतली माणसं पाण्यात उतरली. घरी कोरड्यात बसायची सोय सगळ्यांना होती, पण देवानं दिलेलं काम समोर आहे म्हणून ती बाहेर पडली. असं पाणी पुन्हा येणार आणि नवी पोरं उतरणार. त्यांच्यासाठी इथं लिहा. आपण काय केलं ते नको. काय करायचं, किती घ्यायचं आणि कशानं बिघडतं ते लिहा.

निपाणी भाग

उतरायच्या आधीचं लिहितो, कारण घोटाळा तिथंच होतो. प्रार्थना झाली की लगेच पळायचं नाही. काठावर थांबणारा एक माणूस नेमायचा आणि त्याच्या वहीत प्रत्येकाचं नाव, रक्तगट, चालू गोळ्या, कुठं निघाला, कुणाबरोबर आणि किती वाजता परतणार, एवढं लिहायचं. सांगितलेल्या वेळेच्या वर अर्धा तास गेला की त्यानं ११२ ला फोन करायचा. आणखी दहा मिनिटं बघू, असं म्हणायचं नाही.

घरी सांगूनच निघा. म्हशींची धार कोण काढणार, आईच्या गोळ्या कोण देणार हे ठरलं नसेल तर चित्त निम्मं घरी राहतं, आणि निम्म्या चित्ताचा माणूस दोराला नको. पायाला जखम असलेल्या साखरेच्या रुग्णानं आणि पोहता न येणाऱ्यानं काठावरची कामं घ्यावीत, ती सेवा कमी नाही. पाळी बारा तासांची. झोप न झालेला माणूस दुसऱ्या दिवशी जोखीम मोजू शकत नाही, त्याला मोठ्यांनी हात धरून घरी पाठवावं. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. देव तारेल म्हणून जॅकेट काढून ठेवणाऱ्याला होडीत घेऊ नये.

चिकोडी तालुका, नदीकाठ

वरच्या दादांचं शंभर टक्के बरोबर. आता पाण्याचं.

कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, भोज-कारदगा हे बंधारा-पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातातच. 'घोट्याएवढंच आहे, जाऊया' हे वाक्य तिथं जीव घेतं. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी उभ्या माणसाचे पाय सुटतात आणि एक फुटात लहान गाडी सरकते. कडेला कठडा नसतो आणि गढूळ पाण्याखाली रस्ता खचलाय का ते दिसत नाही. लांबचा वळसा घ्या. वरच्या अंगाला महाराष्ट्रात कृष्णेवर राजापूर बंधारा आहे, तिथून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) येतंय ते सकाळ-संध्याकाळ विचारा. आकडा चढता असेल तर रात्रीची वाट न बघता म्हातारी माणसं आणि बाळंतिणी दुपारीच हलवा.

बुडणाऱ्याकडे थेट उडी मारायची नाही. आधी काठी किंवा बांबू पुढे करा. नाही पुरला तर दोर किंवा ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब फेका. मग होडी. स्वतः पाण्यात शिरणं सगळ्यात शेवटी, कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतो. दोर पाण्यावर तरंगणारा पॉलिप्रोपिलीनचा घ्या, १० ते १२ मिलिमीटर जाड, २५ मीटर लांब. नायलॉनचा बुडतो आणि झुडपात अडकतो. वाहत्या पाण्यात स्वतःच्या कमरेला पक्की गाठ मारू नका: दोर ताणला की प्रवाह माणसाला खाली दाबतो आणि गाठ सुटत नाही.

जनावरांचं एकच सांगतो, दावं सोडा. मोकळं जनावर पोहून उंचावर जातं, दावणीला बांधलेलं जागच्या जागी मरतं. छावणीत मोठ्या जनावराला दिवसाला ५-६ किलो कोरडा कडबा आणि निदान ४० लिटर पाणी धरा. भिजून बुरशी आलेला कडबा फेकून द्या. घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या साथीच्या रोगांची लस मात्र पावसाआधीच हवी, पूर आल्यावर पळापळ करून उपयोग नाही.

अथणी

पहिल्या दिवशी सगळे खिचडी करतात. शंभर माणसांना तांदूळ ८ किलो, मुगाची डाळ ३ किलो, तेल १ लिटर, मीठ ४०० ग्रॅमच्या आसपास, उकळतं पाणी ४५ लिटर. गरम खिचडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून होडीत दिली की आतल्या वाफेनं लवकर आंबते आणि लोकांची पोटं बिघडतात. खिचडी जिथं शिजते तिथंच वाढायची, चार तासांच्या आत.

पाण्यापलीकडे पाठवायला आपली ज्वारीची कडक भाकरी. एक किलो पिठात पातळ अशा सोळा-सतरा होतात, म्हणजे शंभर माणसांना तीन-तीन धरल्या तर १८ किलो पीठ. तव्यावरून काढली की चुलीच्या कडेला उभी करून मंद धगीवर वाळवायची. बोटानं टिचकी मारल्यावर टणटण वाजली आणि मोडताना कट्कन तुटली की झाली. मधोमध बोट टेकलं आणि जरा जरी लवली तर ओल आहे, परत धगीला. पूर्ण गार झाल्याशिवाय फडक्यात बांधायची नाही, नाहीतर घाम सुटून दोन दिवसांत बुरशी. बरोबर शेंगदाण्याची चटणी, माणशी ३० ग्रॅम, पाण्याचा हात न लावता कुटलेली.

खानापूर

पूर ओसरल्यावर आमचं काम सुरू होतं, ते विहिरीचं. आधी गढूळ पाणी उपसा. चिखलाच्या पाण्यात क्लोरीन वाया जातं. डिझेल पंप विहिरीत उतरवू नका आणि माणूसही लगेच उतरवू नका, आत विषारी वायू कोंडतो. एक खाली पडला म्हणून दुसरा धावत उतरतो आणि तोही राहतो. भक्तिभावानं केली तरी ही चूकच.

पाण्याचा हिशोब असा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची उंची, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५, म्हणजे लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. ताजी ब्लीचिंग पावडर हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम. पुराच्या विहिरीला दुप्पट धरा. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घालू नका. आधी पेस्ट करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि बादली खालीवर हलवा. तळाचा चुना विहिरीत टाकू नका. तासाभरानं क्लोरीन तपासा, नसेल तर पुन्हा. उघड्या पोत्यातली जुनी पावडर कितीही ओतली तरी व्यर्थ.

बेळगाव शहर, परिचारिका

चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणाऱ्या तापाची भीती असते. गमबूट घाला, जखम झाकून ठेवा. तो टाळायला डॉक्सिसायक्लिनची गोळी आठवड्याला २०० मिलिग्रॅम देतात, पण डॉक्टरांनी सांगितल्यावरच. गरोदर बाईला आणि लहान मुलांना परस्पर देऊ नका. ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल झाले तर तसंच कामाला जायचं नाही, सरळ दवाखाना. साप चावला तर आवळून बांधणं, चिरा देणं नाही. पाय हलू न देता १०८ बोलवा. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्यात नाही.

अथणी

मावशी, एक जोडते. दवाखान्यात आणि पंचायतीत नोंदी कन्नडमध्ये असतात, म्हणून छावणीतल्या प्रत्येकाच्या गळ्यात दोन्ही भाषांतली चिठ्ठी असू दे: नाव, गाव, नातेवाइकाचा फोन, औषधं. लाउडस्पीकरवरही दोन्ही. 'पाणी येतंय, लवकर या' बरोबर 'नीर बराकत्तैती, बेग बर्री' ओरडलं की पलीकडची गल्लीही हलते. चिठ्ठी बॉलपेननं लिहा आणि पिशवीत घालून सील करा, शाईचं पेन पहिल्याच सरीत पुसतं.